तारखेचा रकाना

"लस झालीये ना याची?"

एवढंच विचारलं होतं मी. ओळखीच्यांच्या घरी बसले होते, त्यांच्या कुत्र्याबरोबर चेंडूची ओढाताण चालली होती आणि त्या झटापटीत त्याचा सुळा माझ्या मनगटावरून घासत गेला. चावा नव्हेच तो. आधी पांढरट ओरखडा उठला, मग तो लालसर झाला, रक्त आलं नाही. बंड्याने चेंडू सोडला नव्हता, शेपूट तशीच हलत होती, त्याच्या दृष्टीने खेळ अजून चालूच होता. खोलीतल्या माणसांचा मात्र तिथेच थांबला. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे, आणि मग ते हसत म्हणाले, "अहो, घरचाच आहे तो!" मी कुत्र्याबद्दल विचारलं होतं, उत्तर घराबद्दल मिळालं. त्या हसण्याला एक बारीक धार होती. मला ती कळली, आणि कळल्याचं दिसू नये म्हणून मीही हसले.

साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची, हे वाचायला सोपं आहे. धुवायला उभं राहिलं की पंधरा मिनिटं किती लांबलचक असतात ते कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच आपण उगाच नाटक करतोय असं वाटायला लागतं. दाराशी कोणीतरी टॉवेल घेऊन उभं असतं, "एवढं काही नाही हो" म्हणत असतं, आणि नळाचा आवाज घरभर जात असतो. पण रेबीजच्या विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण नेमकं तेच फोडतो. इतक्या भयंकर आजारापुढे आपलं पहिलं हत्यार न्हाणीघरातली साबणाची वडी असावी, याची मला अजूनही गंमत वाटते. तेवढ्या वेळात बाहेर खणांची उघडझाप चालू होती. कसली तरी वॉरंटी कार्डं, जुन्या चष्म्याचा नंबर, रिकामी पाकिटं, आणि शेवटी ती पुस्तिका. पहिल्या पानावर पिल्लूपणीचा फोटो, कान लोंबते, पोट सुटलेलं. आत एकाखाली एक रकाने. त्यांत लशीच्या कुपीवरून सोलून चिकटवलेली छोटी लेबलं, शेजारी सही, तिच्या शेजारी पुढची तारीख. एक लेबल, दुसरं लेबल, तिसरं. चौथ्या ओळीत नुसतीच तारीख होती, आणि ती उलटून बराच काळ लोटला होता.

पुढचं सगळं रीतसर झालं. डॉक्टरांनी मला लस सुरू केली, बंड्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं, तो ठणठणीत राहिला. कोणाला काही झालं नाही. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. मला मात्र त्या दोघांचे दुखावलेले चेहरे आठवत राहिले. एका साध्या, आवश्यक प्रश्नाने माणसं इतकी का दुखावली असतील?

याचं उत्तर बहुधा असं आहे की पाळणाऱ्या माणसाला आपला प्राणी *ठाऊक* असतो. कुठल्या आवाजाला तो दचकतो, कुठल्या पाहुण्यावर गुरगुरतो, रात्री किती वाजता अंथरुणाच्या पायथ्याशी येऊन धपकन अंग टाकतो, हे सगळं. बोलता न येणाऱ्या जिवाशी जमलेलं नातं असल्या बारीकसारीक माहितीवरच उभं असतं, आणि त्या माहितीचा माणसाला अभिमान असतो. "हा कधी कोणाला चावणार नाही" हे वाक्य त्या अभिमानातून येतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. लशीचा प्रश्न त्या सगळ्या माहितीला बाजूला सारून विचारला जातो. तुमचा प्राणी स्वभावाने कसा आहे याच्याशी त्याला देणंघेणंच नसतं. एखाद्या संध्याकाळी कुंपणापाशी दुसऱ्या कुठल्या जनावराशी त्याची झटापट झाली, केसांखाली न दिसणारी एक बारीकशी जखम झाली, आणि तुम्ही आत फोनवर बोलत होतात, एवढं पुरतं. ते तुम्हाला ठाऊक नसतं. त्यालाही ते सांगता येत नाही.

आणि हा आजार घाईत नसतो. जखमेतून स्नायूत, स्नायूतून मज्जातंतूत शिरलेला विषाणू मेंदूकडे निघतो, तो भिंतीतल्या वायरीच्या नळीतून मुंगी चालत यावी तसा. दिवसाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटीमीटर. रक्तात तो फिरत नाही, त्यामुळे त्या काळात रक्त तपासून काही हाती लागत नाही, ताप नाही, भूक मंदावत नाही. आठवडे जातात, बहुतेक वेळा दोन-तीन महिने, क्वचित वर्षभरही. या साऱ्या काळात प्राणी पूर्वीसारखाच असतो. चेंडू आणतो, दारात वाट पाहतो. मेंदूत पोचल्यावर विषाणू उलटा फिरतो आणि नसांमधूनच लाळेच्या ग्रंथींपर्यंत उतरतो. तिथे थोडी कपटी गोष्ट घडते: आजाराची लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीच तो लाळेत येऊन बसलेला असू शकतो. डॉक्टर कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात ते याच हिशेबाने. चावला त्या दिवशी लाळेत विषाणू असता, तर दहा दिवसांत जनावर आजारी दिसलंच असतं. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल, तर त्या चाव्यातून रेबीज येणार नव्हता. म्हणजे चावण्याच्या क्षणी प्राण्याकडे पाहून, त्याच्या डोळ्यांत पाहून, तो कसा आहे ते सांगणं त्याच्या सख्ख्या माणसालाही शक्य नसतं.

आपल्या डोक्यातलं पिसाळलेलं कुत्रं कसं असतं? तोंडाला फेस, शेपूट पायांत, रस्त्याने सैरावैरा धावणारं, कुठून तरी बाहेरून आलेलं. असं कुत्रं असतं, नाही असं नाही. पण घरातल्या प्राण्यात आजाराची सुरुवात इतकी नाट्यमय असेलच असं नाही. अंगचटीला येणारा प्राणी पलंगाखाली जाऊन बसतो, आणि एरवी फटकून राहणारा एकदम लाडात येतो. भुंकण्याचा आवाज बदलतो, घोगरा होतो. जुन्या जखमेची जागा तो सारखी चाटतो, कुरतडतो. आणि एक प्रकार असा असतो की ज्यात चिडणं, चावणं जवळजवळ नसतंच: खालचा जबडा लुळा पडून लोंबायला लागतो, लाळ गळते, गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलं. मग घरातलं जे माणूस त्याच्या सर्वांत जवळचं, तेच त्याचं तोंड उघडतं आणि आत बोटं घालून हाड शोधायला लागतं. पशुवैद्यकांना हा धोका पहिल्यापासून शिकवलेला असतो. घरात तो कोणी कोणाला सांगत नाही. मला जेव्हा हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा त्या शोधणाऱ्या बोटांचाच विचार डोक्यात घोळत राहिला. ती भीतीने मागे सरली असती, तर बरं झालं असतं.

लोक चाव्याला घाबरतात आणि चाटण्याला हसतात. मीही हसते, कुत्र्याने चाटल्यावर न हसणं अवघड आहे. धड कातडीवर चाटलं तर काही बिघडत नाही. पण खरचटलेल्या गुडघ्यावर, फुटलेल्या ओठावर, डोळ्याच्या कडेला लागलेली लाळ डॉक्टर चाव्याच्याच खात्यात टाकतात. आणि आपल्या तोंडाशी तोंड लावून झोपतो कोण? घरचाच.

माझ्या लहानपणी रेबीज या शब्दाआधी "पोटातली चौदा इंजेक्शनं" कानावर आली होती. कुत्र्याच्या वाटेला जाऊ नको, नाहीतर चौदा घ्यावी लागतील, हा धाक पुरेसा असायचा. नात्यातल्या एका काकांनी ती घेतली होती. ते शर्ट वर करून बेंबीभोवतीची जागा दाखवायचे, आम्ही पोरं डोळे विस्फारून बघायचो; दिसायचं काहीच नाही, पण बघायचो. ती लस बनायची मेंढ्यांच्या मेंदूपासून. डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरने हिमाचलमधल्या कसौलीत १९११ च्या सुमारास ती तयार केली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण काही जणांना तिच्यामुळेच अर्धांगासारखा त्रास व्हायचा, कारण तिच्यासोबत परक्या मेंदूचा अंशही शरीरात जायचा. भारतात ती २००५ च्या आसपास बंद झाली. आता पेशींवर वाढवलेली लस दंडात देतात, चार-पाच खेपा घालाव्या लागतात, आणि खोल चावा असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, भरतात, जे चांगलंच दुखतं. चौदा सुयांचा काळ गेला, धाक राहिला. मला एक शंका आहे, ती इथे मांडून टाकते: त्या सुयांच्या गोष्टींनी आमच्या पिढीचं एक नुकसान केलं. आम्ही आजारापेक्षा उपचाराला जास्त भ्यालो. आणि सगळी सुईटोचणी *चावल्यानंतर* आणि *माणसाला* करायची असते, असंच आमच्या डोक्यात पक्कं बसलं. जनावराला आधीच टोचून ठेवता येतं, हे त्या गोष्टीत कुठे नव्हतंच.

वास्तविक क्रम उलटा होता. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस द्यायला सुरुवात केली, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली आहे. मुलगा आल्सेसमधून आईबरोबर पॅरिसला आला होता, कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी फोडलं होतं. सशाच्या मज्जारज्जूचे तुकडे काचेच्या बाटलीत वाळवत ठेवून पाश्चरने विषाणू दुबळा केला होता. जितके दिवस वाळवलेला तितका मवाळ. मुलाला आधी सर्वांत मवाळ, मग रोज थोडा थोडा तिखट. पोरगा वाचला. पण त्या मुलाच्या आधी रांगेत कुत्री होती. पाश्चरने कुत्र्यांना लस देऊन, मग मुद्दाम लागण करून, ती तगतात हे आधी पाहून घेतलं होतं. पुस्तकातल्या चित्रात मुलगा दिसतो, डॉक्टर दिसतात, दाढीवाला शास्त्रज्ञ दिसतो. कुत्री चौकटीबाहेर राहिली. आणि आजही जगात दरवर्षी अंदाजे ५९,००० माणसं या आजाराने जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना लागण कुत्र्यांकडूनच झालेली असते. आणि तरी रेबीजची लस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माणसाचाच दंड येतो.

कुत्र्यांना टोचून काय साधतं हे एका देशाने फार पूर्वी करून दाखवलं. जपानमध्ये उमेनो आणि दोई या संशोधकांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कुत्र्यांना एकाच टोचणीत देता येईल अशी लस वापरात आणली होती. मधल्या युद्धाच्या वर्षांत सगळं विस्कटलं, आजार पुन्हा उफाळला. मग १९५० मध्ये कायदा झाला: कुत्रा पाळायचा तर नोंदणी करायची आणि दरवर्षी लस टोचायची. पुढच्या सात वर्षांत रेबीज देशातून गेला. १९५७ मध्ये तिथे प्राण्यातलं शेवटचं प्रकरण नोंदलं गेलं, आणि ते कुत्र्याचं नव्हतं, मांजराचं होतं. त्यानंतर तिथे जी काही माणसं रेबीजने दगावली, ती बाहेरच्या देशात चावा बसून परतलेली. मेक्सिकोला कुत्र्यांकडून माणसांना होणारा रेबीज थांबवायला २०१९ साल उजाडलं, पण जमलं. कोणत्याही वस्तीतल्या दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली तर आजाराची साखळी तुटते, असं याचं गणित आहे. सगळ्या दहाच्या दहा कुत्र्यांना टोचायचीही गरज नाही. मला हे गणित एकाच वेळी दिलासा देणारं आणि चीड आणणारं वाटतं. इतकं सोपं असेल, तर मग अडलंय कुठे?

एक अडचण म्हणजे मांजरं. कुत्रा निदान घराबाहेर जातो, फिरवणारे एकमेकांना भेटतात, कोणी तरी कोणाला तरी विचारतं. मांजरवाल्यांचं म्हणणं वेगळंच. "ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही हो, तिला कशाला?" माझी एक मैत्रीण हे ठासून सांगते, आणि तिच्याच मांजरीने मागे गच्चीतून आत आलेलं वटवाघूळ पकडून तिच्या उशीवर आणून ठेवलं होतं. भेट म्हणून. मैत्रीण ती गोष्ट रंगवून रंगवून सांगते. मला हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. अमेरिकेत कित्येक वर्षं असं चाललंय की दरवर्षी रेबीज सापडलेल्या मांजरांची संख्या कुत्र्यांपेक्षा जास्त असते. कारण साधं आहे: तिथे कुत्र्यांच्या लशीबद्दल शिस्त आहे, मांजरांबाबत ढिलाई. आणि तिथली २००४ मधली ती मुलगी, जी लस न घेता लक्षणं सुरू झाल्यावरही वाचली म्हणून जगभर गाजली, तिला वटवाघूळच चावलं होतं. तिला औषधांनी बेशुद्ध ठेवून वाचवलं. तोच उपाय पुढे इतर अनेकांवर करून पाहिला गेला, पण फारसं यश आलं नाही. एकदा घशाला पाण्याच्या नुसत्या दर्शनाने उबळ यायला लागली की वैद्यकशास्त्राकडे आजही जवळजवळ काही नाही.

आता टोचण्याबद्दल. मी ते बऱ्याचदा पाहिलं आहे आणि दर वेळी त्याच्या फुसकेपणाचं नवल वाटतं. स्टीलच्या टेबलावर कुत्र्याची नखं करकरतात, पोटऱ्या थरथरतात, जीभ भराभरा नाक चाटून घेते. डॉक्टर बोलत बोलत मानेमागची कातडी चिमटीत उचलतात, तिचा तंबू होतो, त्यात सुई जाते आणि बाहेर येते. कुत्र्याला बहुतेक वेळा कळतच नाही. त्याचा सगळा जीव टेबलावरून उतरण्यात असतो. मग डॉक्टर कुपीवरचं लेबल नखाने सोलतात. ते कधी अर्धवट फाटतं, मग बोटाला चिकटतं, मग पुस्तिकेवर वाकडं बसतं. सही. तारीख. संपलं. त्या दिवशी प्राणी जरा सुस्तावतो, टोचल्या जागी दोन-चार दिवस गाठ लागते, क्वचित एखाद्याला अंगावर सूज येते म्हणून थोडा वेळ दवाखान्यातच थांबायला सांगतात. लशीत मेलेला विषाणू असतो, तिच्याने रेबीज होत नाही. पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली देतात, कारण त्याआधी आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लशीला नीट रुजू देत नाही. वर्षभराने दुसरी. त्यापुढे लस कोणती आणि त्या ठिकाणचा नियम काय यावर दरवर्षी किंवा तीन वर्षांनी. पहिल्या टोचणीनंतर अंगात पुरती ताकद यायला महिनाभर लागतो, म्हणून दवाखान्यातून निघाल्या निघाल्या पिल्लाला मैदानावर चार अनोळखी कुत्र्यांत सोडणाऱ्यांचा मला राग येतो.

इतकं सोपं काम राहून का जातं, याचं निरीक्षण मी बरंच केलं आहे. पैसा नाही म्हणून टोचलं नाही, अशी माणसं मला भेटली, आणि त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांच्यापर्यंत लस पोचवणं हे सरकारांचं काम आहे. पण ज्यांच्या कुत्र्याचे केस कापायची वेळ महिनाभर आधी ठरलेली असते, ज्याच्या वाढदिवसाला टोपी असते, त्यांच्याही पुस्तिकेतले रकाने रिकामे दिसतात. पिल्लू घरी येतं तेव्हा सगळं नवं असतं, पहिल्या वर्षी सगळ्या सुया वेळेवर होतात. नंतर तो "मोठा" होतो. घर बदलतं, डॉक्टर बदलतो, पुस्तिका खणात जाते. आणि मुख्य म्हणजे काही घडत नाही. लशीचा सगळा परिणाम "काही घडत नाही" एवढाच दिसतो, आणि न टोचल्याचाही, वर्षानुवर्षं, तोच दिसू शकतो. दोन्ही घरांत सकाळ सारखीच उजाडते.

एक गोष्ट मात्र मला पाळणाऱ्यांनी नक्की ऐकावीशी वाटते, कारण ती माणसाच्या नाही, प्राण्याच्या बाजूची आहे. जिवंत जनावराला रेबीज आहे की नाही, हे खात्रीने सांगणारी तपासणी नाही. खात्रीचं उत्तर मेंदूच्या तुकड्यातून मिळतं, म्हणजे मेल्यावरच. हे वाचून झालं की थोडं थांबावं लागतं. आपल्या प्राण्याला पिसाळलेलं जनावर चावल्याची शंका आली, तर अनेक देशांच्या नियमांत पुढची वाट पुस्तिका ठरवते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या मार्गदर्शनात ती स्पष्टच लिहिली आहे: लस टोचलेली असेल तर लगेच आणखी एक टोचायची आणि ४५ दिवस घरीच नजरेखाली ठेवायचं. टोचलेलीच नसेल तर दयामरण; आणि मालकाला ते नको असेल, तर महिनोन्‌महिने कडक विलगीकरण, माणसांच्या स्पर्शाशिवाय. म्हणजे सगळ्या प्रेमाला, सगळ्या ओळखीला तिथे कोणी विचारत नाही. ते वाकडं बसलेलं लेबल विचारतात. उपचार? प्राण्यात लक्षणं सुरू झाली की उपचार करतच नाहीत.

या सगळ्याशी मुलांचा एक वेगळाच धागा जुळलेला आहे. रेबीजची शंका असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत दहांतली चार तरी पंधरा वर्षांखालची मुलं असतात. त्यांची उंचीच अशी की कुत्र्याचं तोंड आणि मुलाचं तोंड एका रेषेत येतं. चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो आणि तिथून मेंदूचा रस्ता जवळचा. त्यात मूल सांगत नाही. त्याने कुत्र्याची शेपूट ओढलेली असते, खातानाचं त्याचं भांडं हलवलेलं असतं, आणि सांगितलं तर आपल्याला रागावतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुत्र्याला घरातून घालवतील, असा त्याचा हिशेब असतो. मग ते बाह्या खाली ओढून जेवायला येऊन बसतं. अशा मुलाला बोलतं करण्यासाठी मोठ्यांनी न रागावणं गरजेचं आहे हे खरंच, पण मोठे न रागावता ऐकूही शकतात ते पुस्तिका भरलेली असली तरच. नसली, तर तेच आधी घाबरतात, आणि घाबरलेली माणसं ओरडतात. लस टोचलेली असली तरी जखम धुवायची, डॉक्टरला दाखवायची, हे आहेच. लशीने तो प्रसंग टळत नाही. त्यातून जनावराकडे संशयाने बघणं तेवढं टळतं. बंड्याच्या घरी त्या दहा दिवसांत काय चाललं होतं ते मला वहिनींनी नंतर सांगितलं. तो शिंकला तरी दोघं उठून बसायचे. पाण्याच्या भांड्याशी गेला की श्वास रोखून बघायचे. नवऱ्याने तर त्याला कुशीत घेणंच सोडलं होतं, आणि हे सांगताना त्यांना जे वाईट वाटलं ते मी विचारलेल्या प्रश्नाच्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त होतं. माझ्याबद्दलचा राग गेला होता. मला वाटतं, त्याची त्यांना सवडच मिळाली नाही.

हल्ली मी कोणाच्याही घरी कुत्रा दिसला की आधीच विचारून टाकते, दात लागायच्या आत. ओरखडा नसताना विचारलं तर लोकांना राग येत नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. काही जण फोनमध्ये काढून ठेवलेला पुस्तिकेचा फोटो दाखवतात, काहीसे मिरवत. काही जण गप्प होतात, आणि मग "या रविवारी नेणारच आहोत" म्हणतात. रविवार बिचारा बराच बदनाम झाला आहे.

मध्यंतरी दवाखान्यात एक आजोबा भेटले. त्यांचा कुत्रा त्यांच्याइतकाच थकलेला. एका डोळ्यात मोतीबिंदू, ऐकू बेताचं, बसताना आधी मागचे पाय कुठे ठेवायचे याचा विचार करणारा. टोचायला मुलीने पाठवलं होतं आणि आजोबांना ते पटलेलं नव्हतं. "आता याला कशाला? कुठे जातो हा? उन्हात झोपतो दिवसभर." माझ्याकडे बघून त्यांनी हे म्हटलं, आणि मला वाटलं, मुद्दा आहे खरा. डॉक्टरांना नाही वाटला. त्यांनी आधी कुत्र्याला नीट तपासलं; ताप असता, अंगात फारच अशक्तपणा असता तर पुढे ढकललं असतं, असं म्हणाले. मग म्हणाले, "झोपलेला असताना नातवंडं अंगावर पडली तर काय करतो?" आजोबा थोडे चाचरले. "दचकतो. एकदा धरलं होतं धाकट्याला. लागलं नाही फारसं." डॉक्टर काही बोलले नाहीत. मानेमागची सैल पडलेली कातडी त्यांनी चिमटीत उचलली. म्हाताऱ्या कुत्र्याने वळून पाहिलं, ते सुई निघून गेल्यावर. लेबल चिकटलं, सही झाली, आणि पुढच्या वर्षीची तारीख लिहायला डॉक्टरांनी पेन टेकवलं, तशी आजोबांना राहवलं नाही.

"ती कशाला लिहिता, डॉक्टर? तोवर राहतोय का हा?"

"रकाना आहे म्हणून," डॉक्टर म्हणाले, आणि तारीख लिहून त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.